बाबूराव हवालदारांची थ्री नॉट थ्री

बाबूराव भाऊजी कशाकडेही बघायचं झालं की डावा डोळा मिटून बघत. बैल विकत घ्यायचा असो की बांध सरळ पडलाय का ते पाहायचं असो, डावा डोळा मिटलाच. थोरल्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोरगी पोह्यांची बशी घेऊन आली आणि ह्यांनी तिच्याकडेही तसंच पाहिलं. मुलीच्या आईचा चेहरा उतरला. मी तिथेच म्हणाले, "भाऊजी, दोन्ही डोळे उघडा. सून बघायला आलोय, डुक्कर मारायला न्हाई." मुलगी हसली. भाऊजींनी लगेच पसंती सांगून टाकली.

ते माझे सख्खे धाकटे दीर. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे गावात हवालदार पुष्कळ; पण नुसतं 'हवालदार' म्हटलं की ते बाबूरावच. पलटणीत नेमबाजीचा कप त्यांना मिळाला होता. जाऊबाई त्यात उडीद ठेवत. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. "कप गंजंल, नेम गंजत न्हाई," म्हणत. पेन्शनीत आल्यावर पोरांना गोफण शिकवतानासुद्धा त्यांचं एकच सांगणं असे, "घाईत मारली ती गोळी सरकारची, दमानं मारली ती आपली."

रानडुकरं आमच्याकडे पूर्वीही होती, पण नव्वदच्या पुढे त्यांनी ताळ सोडला. भुईमुगाला शेंग धरली की कळप उतरायचा आणि सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं. मालक वारल्यावर माझं पोट भुईमुगाच्या दोन पट्ट्यांवर होतं. डबे वाजवून झाले, जुनी लुगडी बांधून झाली. डुकरं लुगड्याच्या सावलीत झोपली. शेवटी गावात बसून ठरलं की हवालदारांनी बंदुकीचा परवाना काढावा. डुकराला मारायची जंगलखात्याची परवानगी वेगळी लागते, ती सरपंचाने आणायची ठरली.

भाऊजींनी अर्जात थ्री नॉट थ्री रायफल मागितली. पलटणीत त्यांनी तीच वापरली होती. पण तिचं काडतूस फौजेचं, म्हणून साध्या माणसाला ती ठेवता येत नाही. अर्ज परत आला. देवळापुढच्या चहाच्या टपरीवर पेन्शनर मंडळी बसत, त्यांत एक सुभेदार होते. ते म्हणाले, "गड्या, आपल्याला न्हाई द्यायची तर कुणाला? सगळी सर्टिफिकिटं जोड आन् पुन्ना टाक." भाऊजींनी सगळे कागद जोडून पुन्हा थ्री नॉट थ्रीच मागितली. तो अर्जही परत आला. तोवर माझी दोन सालं गेली होती.

मी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तुमच्या थ्री नॉट थ्रीनं माझा दोन सालांचा भुईमूग खाल्ला. डुकरांना कशाला नावं ठेवू?"

"वैनी, रायफल म्हंजे..."

"म्हंजे काय ते मला नका सांगू. कायद्यात बसंल ती मागा."

तिसऱ्या वेळी मी स्वतः त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेले. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसला होता. त्याने विचारलं, "हत्यार कुठलं घालू?" मी म्हणाले, "कायद्यात जे जे बसतं ते घाल." तो हसला आणि म्हणाला, रायफल हवी तर तीनशे पंधराची मिळते, नाहीतर छऱ्याची बारा बोर बंदूक. त्याने दोन्ही लिहिली, आणि परवान्यावर दोन्हींची मुभा आली. त्यातली एक दुकानातून घ्यायची आणि तिचा नंबर परवान्यावर चढवून आणायचा.

साताऱ्यात तेव्हा रायफल शिल्लक नव्हती. सांगलीच्या एका दुकानात आहे असं कळलं. माझी लेक सांगलीत दिलेली, म्हणून मीही एस.टी.त बसले. वाटेत भाऊजी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, थ्री नॉट थ्री मिळाली नाही म्हणून रुसलेत.

दुकानदार वयस्कर होता, बोलायला गोड. त्याने रायफल काउंटरवर ठेवली. "हवालदारसाहेब, ही तुमच्या थ्री नॉट थ्रीची धाकटी बहीण समजा. तसाच बोल्ट, तशीच पकड. काडतूस तेवढं वेगळं, म्हणून कायद्यात बसते."

भाऊजींनी ती रिकामी आहे ना ते आधी तपासलं. काडतूस आत सारायचा बोल्ट काढला, नळी दाराच्या उजेडाकडे धरून आतून पाहिली. बोल्ट परत बसवला, मागे ओढला, पुढे सारला, खाली पाडला. त्या आवाजाने त्यांची पाठ सरळ झाली. मग रायफल उजव्या खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ झाला. मग त्यांनी ती डाव्या खांद्यावर घेतली. बोल्ट उजव्या अंगाला. तो ओढायला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागला, तशी रायफल कलंडली आणि नळी खाली गेली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं.

"डावरे का हो तुम्ही?" दुकानदाराने विचारलं.

"व्हय."

मी म्हणाले, "कवापासून? विळा उजव्या हातानं धरता, पोरांच्या थोबाडीत उजव्या हातानं देता."

भाऊजींनी रायफल हलकेच खाली ठेवली. "वैनी, जरा भाईर या."

बाहेर ट्रकमधून हळदीची पोती उतरत होती. हमालांचा इतका गलका होता की आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं.

"उजवा डोळा गेला," भाऊजी म्हणाले.

"पार?"

"उजेड दिसतो. माणूस दिसत न्हाई. साताऱ्याच्या डॉक्टरला दावला. मागचा पडदा गेला म्हणाला, आप्रेशनचा उपेग न्हाई."

"मग डावा मिटून काय बघत होता?"

"काय न्हाई. पण मिटला न्हाई तर लोक इचारतील."

मला एकदम आठवलं. "आवं, मग सून?"

"न बघताच पसंत केली. तुमी बोललात तशी ती हसल्याली ऐकू आली. म्हटलं, हसतीय तर बरी असंल."

मला हसू आलं, पण त्यांचं पुढचं बोलणं ऐकून ते गेलं. पहिला अर्ज त्यांनी खुळेपणाने केला होता, दुसरा मुद्दाम. परत येणार हे ठाऊक होतं. रायफल हातात आली असती तर सगळं गाव नेम बघायला जमलं असतं, आणि कपवाल्या हवालदाराला समोरचं झाड दिसत नाही हे सुभेदारांसकट सगळ्यांना कळलं असतं.

"आन् माझा भुईमूग?" मी म्हणाले.

"गेला," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. तो अजूनही आहे.

मी म्हणाले, "दुसरी बघा."

आत येऊन त्यांनी एकनळी बारा बोर मागितली. ती मधून मोडते, काडतूस घालायचं आणि मिटायची. तिला डावं-उजवं काही नाही. छऱ्याचं काडतूस, जवळून मारायचं, बारीक नेम लागत नाही. भाऊजींनी ती डाव्या खांद्याला लावली. ती नीट बसली. दुकानदाराने काही न विचारता रायफल उचलून कपाटात ठेवली.

गावात उतरलो तर सुभेदार टपरीवरच होते. "बाबूराव, ही काय कावळं हाकायची बंदूक आणलीस रं? रायफल कुठाय?"

"कायदा, सुभेदार. ओढ्यापल्याड धनगरवाडा हाय. रायफलीची गोळी लांब जाती. आपल्या हद्दीत देत न्हाईत."

धनगरवाडा होता, गोळी लांब जाते हेही खरं. देत नाहीत, एवढंच खोटं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी तोंडाची फटकळ. मी म्हणाले, "मला शेरडांचं बघायचंय," आणि घरी आले.

पुढचा महिनाभर भाऊजी ओढ्याच्या घळीत एकटे जात आणि रिकाम्या बंदुकीने डाव्या खांद्याची सवय करत. शेंग धरायच्या वेळी त्यांनी माझ्या पट्टीच्या तोंडाशीच माळा बांधला, डुकरं अगदी जवळून जावीत असा. दिवस मावळता दोन डुकरं पडली. बाकीचा कळप डोंगराच्या दुसऱ्या अंगाला गेला. त्या साली मी पोती भरून शेंगा घरी आणल्या. त्यातली अर्धी त्यांच्या ओट्यावर टाकावीत असं मनात आलं होतं, पण टाकली नाहीत. त्यांनी माझी दोन सालं बुडवली होती.

काही वर्षांनी भाऊजी छातीत कळ येऊन गेले. आजारपण नाही, काही नाही. मुलं पुण्याला, बंदूक कुणाला नको होती, ती ठाण्यात जमा केली. दहाव्याला पेन्शनर मंडळी ओट्यावर बसली होती. मी चहाचे कप गोळा करत होते. सुभेदारांनी मला थांबवलं.

"वैनी, तुमी त्येच्यासंगं सांगलीला होता. आन् तुमी खोटं बोलत न्हाई म्हणून इचारतो. परवाना रायफलीचा होता का नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले.

सुभेदारांनी मान हलवली. मग वळून बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलं का रं? परवानाच नव्हता. न्हाईतर त्यो गडी असली बंदूक हातात धरणारा नव्हं."

मी कप घेऊन आत गेले.