कऱ्हेच्या अलीकडे

ती सहल मीच ठरवली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही बारामतीच्या एका शाळेतल्या सहा शिक्षिका, सगळ्या घरच्या कामाला जुंपलेल्या. सगळ्यांना एका रविवारी बाहेर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. बेत साधा होता. सकाळच्या एसटीने कऱ्हाटीला उतरायचं, कऱ्हा नदी ओलांडायची आणि पलीकडच्या उघड्या टेकड्यांवर, वाट असो नसो, दिवसभर हिंडायचं. माझं माहेर अंथुर्ण्याचं. आमच्या रानात उंच चढायचं म्हणजे कडब्याच्या गंजीवर. एकदा तरी उंचावरून आपला मुलूख बघावा, एवढीच हौस होती.

एसटीत मला दोनदा मळमळलं. नदीकाठी सगळ्या चपला काढून साड्या खोचू लागल्या, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेतलं.

"दिवस गेल्यात का गं?"

मी होकारार्थी मान हलवली. घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग तू हितंच थांब. पोटुशीनं नदी वलांडू नये."

पाणी जेमतेम घोट्याच्या वर होतं. पाटावर धुणं धुताना मी याहून खोल पाण्यात उभी राहायचे. शाळेत अंधश्रद्धेचा धडाही मीच शिकवायचे. पण ओठांवर आलेलं उत्तर गिळलं, कारण लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला ते मूल हवं होतं, फार हवं होतं. विषाची परीक्षा कशाला घ्या, म्हटलं.

त्या गेल्या. जेवण वर करायचं ठरलं होतं, ते माझ्यासाठी काठावर ठेवलं, आणि मी बाभळीखाली डबे राखत बसले. समोरच्या टेकडीच्या सोंडेवर पाच रंगीत ठिपके चढायचे, झुडपांत अडायचे, खाली येऊन पुन्हा दुसरीकडून चढायचे. हसणं पाण्यावरून ऐकू यायचं. मला रडू आलं, रागही आला, आणि रागवायचं कुणावर तेच कळेना.

दुपारी परतल्या तेव्हा साड्या कुसळांनी भरल्या होत्या. जेवताना बाई म्हणाल्या, पुढच्या साली लेकरू कडेवर घेऊन ये, वर चढताना मी धरीन. मीही ते खरं मानलं.

संक्रांतीच्या आतच सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळ जणींचं होतं, कारण सांगता येत नाही. सासूबाईंना ते पटेना. नदी ओलांडलीस का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग काठावर तरी कशाला गेलतीस?"

त्यांचंही काळीज जळत होतं, हे आता कळतं. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढे मला दोन मुली झाल्या. बाई निवृत्त झाल्या, बाकीच्या पांगल्या, तशी सहल पुन्हा कुणी काढली नाही. मुलाचं दुःख सगळ्यांनी मानलं. बाई तर येऊन कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या होत्या. टेकडीचं मात्र मी कुणाला बोलले नाही. पोटातलं मूल गेलेल्या बाईने टेकडी हुकली म्हणून हळहळावं, हे सांगायचं तरी कुणाला? पण हळहळ होती, अजून आहे. ज्याच्यासाठी मी काठावर बसले ते आलंच नाही, आणि ज्या दिवसाची एवढी वाट पाहिली होती तो घोटाभर पाण्याच्या पलीकडून निघून गेला.