गेट नसलेलं विद्यापीठ

आमच्या घरात कुठलाही मोठा निर्णय सभा घेतल्याशिवाय होत नसे. फ्रिज घ्यायचा की नाही, भावाने इंजिनिअरिंगला जायचं की नाही, खालच्या मजल्यावरच्या मांजराला आपण दूध घालायचं की नाही, सगळं सभेत ठरे. बाबा एन्नोरच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि तिथल्या युनियनचे चिटणीस होते. तरुणपणी सोलापूरहून इकडे तमिळ मुलखात आले ते शेंगदाण्याची चटणी आणि पत्रकं लिहायची खोड एवढंच बरोबर घेऊन. पत्रक ते आधी मराठीत लिहीत, मग त्यांचा एक सहकारी त्याचं तमिळ करी, आणि वाटून उरलेल्या प्रती आमच्या घरी येत. फडताळात पत्रकं अंथरलेली, लोणच्याच्या बरणीखाली पत्रक, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं. मराठी वाचायला मी बाबांच्या कच्च्या मसुद्यांवरून शिकले आणि तमिळ छापील प्रतींवरून. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी गाईच्या वतीने मागण्या मांडल्या होत्या. बाईंनी आईला बोलावून घेतलं. बाबांनी तो निबंध जपून ठेवला.

सभेचा एक नियम बाबांनी कारखान्यातून घरी आणला होता. जो ठराव मांडेल त्याने एक पत्रक ठरावाच्या बाजूने लिहायचं आणि एक विरोधात, आणि दोन्ही सभेत वाचायची. विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहिलं की माणूस जमिनीवर राहतो, असं त्यांचं मत होतं. भावाने मोटारसायकलचा ठराव मांडला तेव्हा त्याचं विरोधी पत्रक एका ओळीचं होतं: "पेट्रोल लागेल." मोटारसायकल आली. मी त्याला तत्त्वशून्य म्हणाले. तो म्हणाला, "अक्का, तत्त्व तुला ठेव, चावी मला दे."

मी अड्यारला एका कंपनीत नोकरी करत होते. परदेशी विद्वानांची मासिकं छपाईसाठी तयार करायची, हे आमचं काम. लेखात काही खटकलं की लेखकाला प्रश्न पाठवायचा, त्याला क्वेरी म्हणत. क्वेरी स्वल्पविरामाबद्दल असावी, स्पेलिंगबद्दल असावी, असा अलिखित कायदा होता. एकदा एका प्राध्यापकाने लिहिलं होतं की बंदरावरचे मजूर स्वभावतःच संघटनेला नाखूश असतात. मी क्वेरी टाकली: "हे आपण स्वतः जाऊन पाहिले आहे काय?"

आमच्या सुपरवायझरने मला टेबलाशी बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त दमलेला होता, आणि आम्हा सगळ्या मुलींना अम्मा म्हणायचा.

"अम्मा, या विषयातली डिग्री आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"त्याच्याकडे आहे. तू कॉमा बघ."

मी कॉमा बघितला. तो बरोबर होता. त्याचाच जास्त राग आला. दुपारी डब्यातला दहीभात खाताना मी ठरवलं की एम.ए. करायचं, आणि याच विषयात, कामगारांच्या समाजशास्त्रात. मला त्या माणसाशी भांडायचं होतं आणि भांडायला लागणारा परवाना हवा होता.

नोकरी सोडता येत नव्हती. बाबा निवृत्त होत आले होते, भाऊ शिकत होता. आणि एन्नोरच्या बाजूला राहून अड्यारला नोकरी करायची म्हणजे रोज अख्खं शहर लांबीने ओलांडायचं. संध्याकाळचं कॉलेज गाठेपर्यंत तिथला वॉचमन कुलूप लावत असायचा. तेव्हा नुकताच आमच्याकडे ब्रॉडबँड आला होता आणि घरबसल्या ऑनलाइन एम.ए. करता येतं अशी जाहिरात मला दिसली होती. मी रविवारी ठराव मांडायचं जाहीर केलं.

बाजूचं पत्रक लिहायला बसले आणि हात चालेना. "ऑनलाइन शिक्षणाने ज्ञानात भर पडते. वेळेचा सदुपयोग होतो." साबणाच्या जाहिरातीत याहून जास्त जोर असतो. मग लक्षात आलं की मी जन्मात कशाच्याही बाजूने काही लिहिलेलंच नाही. ते तसंच ठेवलं आणि विरोधी पत्रकाला हात घातला. ते एका बैठकीत झालं. लिहिताना मी अधूनमधून हसतसुद्धा होते.

रविवारी मामा आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, निवृत्त शाळामास्तर, एग्मोरला राहायचा आणि आमच्या सभांचा कायमचा अध्यक्ष होता. आईचं माहेर तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं मराठी घर. त्यामुळे मामाचं मराठी जुनं आणि बोलण्याची चाल तमिळ. तो कॉफीचा पेला त्याखालच्या डबऱ्यावर, म्हणजे पसरट वाटीवर, आपटून सभा सुरू करी.

"बोल गे," मामा म्हणाला.

मी बाजूचं पत्रक वाचलं. भावाने जांभई दिली. आई शेंगा सोलत होती, तिने मान वर केली नाही.

मग मी विरोधातलं वाचायला लागले.

"दिवसभर कंपनीच्या पडद्यासमोर, संध्याकाळी विद्यापीठाच्या पडद्यासमोर. कामगाराचे डोळे नेमके कुणाच्या मालकीचे? ज्या विद्यापीठाला गेट नाही, तिथे पत्रके कुठे वाटायची? ज्याला कुलगुरूंची खोली नाही, तिथे घेराव कुणाला घालायचा? उद्या फी वाढली तर विद्यार्थ्यांनी धरणे कुठे धरायचे? आपापल्या घरी, आपापल्या खुर्चीत?"

बाबा पुढे सरकून बसले. आईचे हात थांबले.

"दिवसाचा एक हिस्सा कामाचा, एक झोपेचा आणि एक स्वतःचा, हे भांडून मिळाले आहे. कुणी दिलेले नाही. ही संध्याकाळ जो मागेल, मग तो मालक असो, विद्यापीठ असो वा घरचे असोत, त्याला उत्तर एकच. संध्याकाळ कामगाराची आहे!"

'घरचे असोत' हे मी तालासाठी घातलं होतं. मालक आणि विद्यापीठ या दोघांवरच वाक्य लंगडत होतं.



"पोदुम, अक्का, बास," भाऊ म्हणाला. "मला आत्ता कुणाला तरी घेराव घालावासा वाटतोय."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "गेटचा मुद्दा," ते म्हणाले, "गेटचा मुद्दा मला कधी सुचला नसता."

"मताला टाकतों," मामा म्हणाला. "बाजूचे?"

कुणी नाही.

"विरोधातले?"

बाबांचा हात गेला. भावाचा गेला, त्याला तसाही संध्याकाळी कॉम्प्युटर हवा होता. आईने शेंगेसकट हात वर केला. मामा माझ्याकडे बघत राहिला.

"तुझा हात कां वरी गे?"

मी पाहिलं. खरंच वर होता. "मुद्दे बरोबर आहेत," मी म्हणाले.

"बरें." पेला डबऱ्यावर आपटला. "एकमतानें फेटाळला."

सोमवारी मी अड्यारला जाऊन कॉमा बघितले. त्या दिवशी एकही मजेचा वाटला नाही. स्वतःचाच ठराव स्वतः इतक्या झोकात पाडल्यावर रागवायचं कुणावर, हेही कळत नव्हतं. बसमध्ये मी त्या बंदरावरच्या मजुरांचा विचार करत होते आणि त्यांच्या स्वभावाबद्दल मला आता जन्मभर काही बोलता येणार नव्हतं.

घरी आले तर स्वयंपाकघरात अंधार. ग्राइंडर कोरडा, उडीद डाळ भिजलेली तशीच. फ्रिजच्या दारावर चुंबकाने माझं विरोधी पत्रक लावलेलं. बाबा आणि भाऊ जेवणाच्या टेबलाशी स्टेशनात गाडी चुकल्यासारखे बसले होते.

"आई?"

"गच्चीत," भाऊ म्हणाला. "मासिक वाचतेय. संध्याकाळ कामगाराची आहे म्हणते."

आई खाली आली तेव्हा बाबा जरा खाकरले. "अगं, ते कारखान्यातल्या कामगारांबद्दल असतं."

"म्हणजे मी कोण?" आई म्हणाली.

चिटणीस म्हणून बाबांनी अनेक मॅनेजरांना निरुत्तर केलेलं होतं. ती निरुत्तर तोंडं कशी दिसत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

"तातडीची सभा घ्या," आई म्हणाली. "दादाला फोन करा."

मामा एग्मोरहून येईपर्यंत आम्ही पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तो आला, बसला, कॉफी मागितली. आई म्हणाली, "मिळणार नाही." त्याने रिकामाच पेला डबऱ्यावर आपटला.

"माझा मुद्दा साधा आहे," आई उभी राहून बोलली. सभेत ती कधी उभी राहत नसे. "हिने लिहिलंय, घरचे असोत. तुम्ही सगळ्यांनी हात वर करून ते मान्य केलंत. मग हिच्या संध्याकाळचं हिने काय करायचं, ते ठरवायला आपण घरचे कोण? रविवारची सभाच बेकायदा."

"पण ते पत्रक विरोधातलं होतं," बाबा म्हणाले. "त्याच्या आधारावर बाजूचा निर्णय..."

"मी बाजू म्हटलं का? तिला हवं तर शिकेल, नको तर झोपेल. आपण विचारायचं नाही. आणि माझ्या संध्याकाळचंही कुणी विचारायचं नाही."

बाबांनी पत्रक मागवून घेतलं आणि पुन्हा वाचलं. मला वाटतं ते पळवाट शोधत होते. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला. "मसुदा पक्का आहे," ते म्हणाले, आणि आवाजात चक्क अभिमान होता.

"सरी, बरें," मामा म्हणाला. "रविवारची सभा झालीच नाहीं. भावजी, ग्राइंडर कुठें चालू होतो ते माहीत आहे ना?"

त्यानंतरचा आठवडा मला जड गेला. आजवर माझ्यापुढे नेहमी कुणीतरी विरोधात असे. बाबा, शाळा, सुपरवायझर. आता कुणी हो म्हणेना की नाही म्हणेना. मी आईला विचारायला गेले तर ती म्हणाली, "संध्याकाळ आहे माझी." माझे मुद्दे मला अजूनही खरे वाटत होते. डोळे दुखणारच होते. गेट नव्हतंच. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून कुणाशी चहा पीत वाद घालता येणार नव्हता. पण बसमधून उतरताना रोज एकच गोष्ट डोक्यात यायची: ती क्वेरी मी खोडली होती. त्या विद्वानाला ती कधी पोचलीच नाही. विद्यापीठाला गेट नसणं मला सहन झालं असतं, ती खोडलेली क्वेरी नाही. मी नाव नोंदवलं. गेटचा मुद्दा मागे घेतला नाही; तो आत जाऊन मांडायचा असं ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी मी हेडफोन लावून बसले. शेजारी ग्राइंडर गरगरत होता आणि बाबा लुंगी खोचून त्यात डाळ सोडत होते. पाणी किती, यावर त्यांचा आणि भावाचा मतभेद झाला होता. आई गच्चीत होती. पडद्यावर वाचायला एक लेख दिला होता आणि खाली प्रश्न लिहायला रिकामी चौकट होती. लेख गिरणी कामगारांच्या आळसाबद्दल होता. लिहिणाऱ्याचं नाव वेगळं होतं, पण तो त्याच जातकुळीचा.

मी चौकटीत लिहिलं, "हे आपण स्वतः जाऊन पाहिले आहे काय? नसल्यास कशाच्या आधारे म्हणता?" मग आणखी लिहिलं. बरंच लिहिलं.

ग्राइंडर थांबला. बाबा कोपरापर्यंत पीठ माखलेले हात वर धरून माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि वाचत राहिले. मी वाट बघत होते.

"दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय," ते म्हणाले.