कवळीवाल्याची गाडी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने रेसची गाडी बनवावी, हेच मुळात छोट्या गाड्यांच्या क्लबातल्या, लेथवर सुटे भाग कातणाऱ्या लेथवाल्यांच्या पचनी पडत नव्हतं. गाडी जेमतेम हातभर लांब. आत बसायला जागा नाही, स्टिअरिंग नाही. पण इंजिन खरंखुरं, आणि तेही याने दातांसारखं मेणाचा साचा करून ओतलेलं. मैदानाच्या मधोमध खांब, खांबाला पोलादी तार, तारेला गाडी. ती गोल धावते आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे गेली, की बनवणाऱ्याचं नाव क्लबाच्या फळ्यावर चढतं. कवळीवाला अकरा वर्षं त्या फळ्याकडे आशाळभूतपणे बघत होता.

गाडीत खोट नव्हती हो, खोट याच्या बोटांत होती! इंजिनात इंधन किती जावं, हे एक बारीक सुई ठरवते. सरावात ती अगदी बरोबर लागायची. ऐन स्पर्धेत मात्र गृहस्थाला शंका यायची, तो सुई किंचित फिरवायचा आणि वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडायचं.

यंदाही सवयीने बोटं सुईकडे गेली. सुई हलेना. वाकून बघतो तर काय, तिच्या बुडाशी कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला, दगडासारखा घट्ट!

मैदानाच्या मध्यावर बायको तार धरून उभी होती. सुरुवातीला तार ओढून गाडीला वेग देण्याचं काम तिचंच.

"अगं, हे काय करून ठेवलंस?" तो ओरडला.

"कालची चाचणी झाल्या झाल्या सुई आहे तिथेच पक्की करून टाकली. आता हात काढा आणि ढकला!"

लेथवाले खो खो हसले. याचं डोकं असं फिरलं, की तिथल्या तिथे भांडण जुंपलं असतं. पण पंच खोळंबले होते. त्याने काठीने गाडी ढकलली. ती खोकत, धूर ओकत निघाली. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. काल सुटतानाही ती अशीच खोकली होती, हे त्या घटकेला आठवेल तर शपथ.

चार-पाच फेऱ्यांत इंजिन तापलं. खोकला थांबला, आवाज चढत गेला, आणि गाडीच्या जागी नुसती निळी रेघ फिरू लागली. हसणारे माना उंचावून बघू लागले.

"दोनशे सात!" पंच ओरडले.

कवळीवाला चारचौघांत लहान मुलासारखा रडला. बायको धावत आली, तीही रडत होती.

"अजून एक संधी आहे तुमची," पंच म्हणाले. "सुई मोकळी करून जरा फिरवलीत, तर दोनशे दहाही गाठेल."

कवळीवाल्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको," तो म्हणाला. "हिने लावलंय ते बरोबर आहे."