रिक्षाचं इंजिन

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. लालबागला आमच्या समोरच्या चाळीत एक संपकरी वायरमन राहायचा. त्याच्याशी मी कधी बोलले नाही. गल्ली अरुंद, त्यामुळे गॅलरीत उभं राहिलं की सगळं ऐकू यायचं. त्याच्या वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन जाम झालं होतं, म्हणून तो तिच्या सांगाड्यात रिक्षाचं इंजिन बसवत होता. वायरींचा प्रत्येक जोड सुती पट्टीने गुंडाळायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा.

"गावाला एस्टीने जाऊया ना गप," बायको म्हणायची.

"बोचकी घेऊन उतरलो की गाव म्हणेल, संपात हरून आला. गाडीवरून गेलो तर कोण विचारतंय?"

एका संध्याकाळी इंजिन सुरू झालं, आवाज थेट रिक्षाचा. आमच्या भागात रिक्षांना बंदी. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, लालबागला रिक्षा आली रे! ओ, मीटर टाका, परळला सोडा!"

अख्खी चाळ हसली. तोही हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. मग टाकी पुसत बायकोला म्हणाला, "गावात अजून रिक्षा गेली नाय. तिथे कुणाला कळणार?"

सकाळी तो एकटाच निघाला; बायको मागून एस्टीने जाणार होती. मोटरसायकल ढकलतच चाळीबाहेर पडला, आणि गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्याने ती चालू केली नाही.