बाहेरचं

भुताचे सिनेमे मला मुळीच आवडत नाहीत. पण धाकट्या बहिणीचा हट्ट होता आणि आईला एसीत बसायचं होतं, म्हणून आम्ही तिघी दुपारच्या खेळाला गेलो. आदली रात्र मंद्रूपला मामाच्या घरी काढून सकाळच्या एसटीने सोलापुरात परतलो होतो. बहिणीचं पोट सकाळपासून दुखत होतं, पण तिकिटं काढलेली, ती कसली ऐकतेय.

सिनेमात एक गुप्तहेर होता. सोलापूरच्या उन्हात आम्हाला ओढणी सोसवत नाही, आणि हा बाबा लांब कोट घालून पडक्या बंगल्यात हिंडत होता. बंगल्यातली नवरी अर्धवट डोळे मिटून भलत्याच आवाजात बोलायची. गावाला वाटे भूत, याला वाटे खून. मध्यंतर व्हायच्या जरा आधी बहीण म्हणाली, "ताई, मला सगळे दोन-दोन दिसायलेत."

"तिकीट एकाचंच काढलंय," मी म्हटलं. ती हसली नाही.

दिवे लागले तेव्हा तिच्या पापण्या खाली आल्या होत्या. पाणी दिलं तर गिळता येईना, नाकातून परत आलं. आवाजही नाकातून येत होता, जड, ओळखू न येणारा. आईने पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बाहेरचं हाय हे," ती म्हणाली. आमच्याकडे भुताला कुणी भूत म्हणत नाही, बाहेरचं म्हणतात.

मी चिडले. भांडायला वेळ नव्हता, बहिणीला दोन्हीकडून धरून समोरच्या छोट्या दवाखान्यात नेलं. मी बाहेर केसपेपर काढत होते तेवढ्यात आत सगळं उरकलंसुद्धा. आई बाहेर आली ती जिंकल्यासारखी. "डॉक्टरांनीच इचारलं की, बाहेरचं काय? मी म्हनलं, व्हय, बाहेरचंच हाय. लगीच सुई दिली."

डॉक्टरने बाहेरचं खाणं विचारलं होतं. त्याने पोटाचं इंजेक्शन देऊन मोकळं केलं होतं, आणि इकडे बहिणीची मान खांद्यावर लटकायला लागली होती.

मी रिक्षा थांबवली. आई म्हणे देवऋषीकडे चला. रिक्षावाल्या चाचांनी वळून एकदा बहिणीकडे पाहिलं. "पैले दवाखाना, अम्मा," म्हणाले आणि मोठ्या इस्पितळाकडे सुसाट निघाले. वाटेत बहिणीचा श्वास उथळ होत गेला. मी देवाला शिव्या दिल्या, त्याच तोंडाने नवस बोलले. आई तिच्या गालावर चापट्या मारत कानाशी ओरडत होती, "जा! नीघ हितनं! तुजं काय काम न्हाई हितं, जा!" आई, गप्प बस, असं मी कितीदा म्हटलं, पण तिला काही ऐकू जात नव्हतं.

इस्पितळातली डॉक्टर वयाने माझ्याएवढीच असेल. तिने बोटाने बहिणीची पापणी उचलली, सोडली, ती धपकन खाली आली. "काल रात्री जमिनीवर झोपली होती का?"

झोपली होती. मामाच्या पडवीत, चटईवर, आम्ही सगळ्याच.

"मण्यार," ती नर्सला म्हणाली. हा साप झोपेत चावतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. आधी घशात नळी घातली, श्वासाला यंत्र लावलं, विषावरचं औषध सुरू केलं. बहिणीचं बोटसुद्धा हलत नव्हतं. डोळे मिटलेले. आईने तिथेच हंबरडा फोडला.

सिनेमावाले शेवटपर्यंत लपवतात, मला तसलं जमत नाही: बहीण वाचली. पण त्या वेळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरलाही नाही. तिने आईचा दंड धरला. "मावशी, रडू नका. ती बेशुद्ध नाहीये. या विषाने अंग लुळं पडतं, पण माणूस जागं असतं. तिला सगळं ऐकू येतंय."

"कवापासनं?" आईने विचारलं.

"आधीपासूनच. रस्त्यातसुद्धा."

पदराचा बोळा तोंडात कोंबून आई मटकन खाली बसली. मी उठवायला गेले तर माझा हात झिडकारून खाटेचा कठडा धरत स्वतःच उभी राहिली, आणि बहिणीच्या कानाशी वाकली.

"तुला नव्हतं गं म्हनलं," ती म्हणाली. "बाय माजी, तुला जा न्हाई म्हनलं मी."