रस्त्यापलीकडून निवडलेला लॅपटॉप

प्रथम क्षमा मागते. शाळेत मराठी शिकवणे आणि मराठीत काही लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुरते ठाऊक आहे. ब्रह्मपुरीच्या शाळेत मी आयुष्यभर इतरांच्या निबंधांखाली लाल शाईने शेरे लिहिले; स्वतःचा एक परिच्छेदही कोणापुढे ठेवण्याचे धाडस झाले नाही. आता साठी उलटल्यावर ते करते आहे, आणि तेही लॅपटॉपसारख्या विषयावर, ज्यातले मला अजून निम्मेही कळत नाही. तरीही लिहिते, कारण एक निर्णय मला घेता येत नाही, आणि घरात ज्याला विचारावे त्यालाच तो विचारता येत नाही.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. तो नाटकांचे पडदे रंगवीत असे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, धान घरात आले की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या दिवशी नाटक लागते. दरबार, तुरुंग, रस्ता, जंगल असे पडदे प्रत्येक कंपनीला लागतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांत जंगलाचा पडदा म्हटला की माझ्या भावाचेच नाव निघे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना रंगमंचावरही जंगलच हवे असते, तेही घराबाहेर दिसते त्याहून हिरवे. मोह, ऐन, बांबू, तेंदू अशी झाडे तो ओळखू येतील इतकी स्पष्ट काढी.

काम तो उभ्याने करी. बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारात कापड जमिनीवर अंथरायचे, वेळूला कुंचला बांधायचा आणि अनवाणी त्या कापडावरून चालत रंग द्यायचा. मध्येच सगळे टाकून तो मिलच्या जिन्यावर चढे आणि वरून बघे. आमच्याकडे नाटकासाठी जमीन खोदून प्रेक्षकांची उतरती बैठक करतात. त्या खड्ड्यात सर्वांत मागे बसलेल्या माणसाला दिसेल तोच रंग खरा, असे तो म्हणत असे. दुसरा एक रिवाज त्याच्या उस्तादापासून चालत आलेला होता. तयार झालेला पडदा गुंडाळून ठेवायचा आणि पहिल्या प्रयोगाला, रंगमंचाची पूजा होऊन नारळ फुटल्यावरच उघडायचा. त्याआधी तो टांगलेला कोणी पाहायचा नाही, मालकानेही नाही.

अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांनी घासत घासत चालू लागला. हात गेला तो गेलाच. दरम्यान पडदेही बदलले होते. बहुतेक कंपन्या संगणकावर केलेले चित्र फ्लेक्सवर छापून घेऊ लागल्या होत्या. भाऊ दिवसभर ओसरीवर बसे आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू असावी तसा बघे. बोलणे तर जवळजवळ बंदच झाले होते.

अशा दिवसांत वडशाच्या एका कंपनीचे मालक घरी आले. नवे नाटक होते, त्यात दोन अंक जंगलातच घडत होते.

“पेंटर, तुह्या जंगलाबगर मजा नाई. डाव्या हातानं होत असंन तर सांग. फ्लेक्स आपण छापून घेऊ, पण चित्र तुहं पायजे.”

“अन् नाई झालं तर?” भावाने विचारले.

“नाई झालं तर नागपूरहून आणतो. तिथी रेडीमेड भेटते. त्यात जिराफ बी रायते मागं.”

भाऊ हसला. आजारानंतर मी त्याला प्रथमच हसताना पाहिले. मालक गेल्यावर तो म्हणाला, “बाई, तू शिकलेली हायेस. त्या कॉम्प्युटरवर चित्र कसं काढतेत, मले सांग.” वडीलबहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

मग मी वाचत बसले. चित्रकामासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, यावर जगभरच्या लोकांनी लिहून आणि बोलून ठेवले आहे. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड हे शब्द मी विद्यार्थिनीसारखे पाठ केले. मोठे चित्र उघडायचे तर यंत्र ताकदवान हवे, यावर सगळ्यांचे एकमत होते. आणि आणखी एका मुद्द्यावर: स्क्रीन झगमगीत नको, रंग जसेच्या तसे दाखवणारी हवी. हे मी भावाला वाचून दाखवले. त्याने मान डोलावली.

नागभीड, सिंदेवाही, मूल अशी गावे घेत आम्ही एस.टी.ने चंद्रपूरला गेलो. दुकान मुख्य रस्त्यावर होते. विक्रेता भला माणूस होता. त्याने माझे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि चार लॅपटॉप पुढे ठेवले. भावाने त्याला एकच प्रश्न केला.

“तीस फुटाचा पडदा याच्यात मावते का?”

“काका, याच्यात अख्खं चंद्रपूर मावते.”

“चंद्रपूर नाई पायजे. जंगल पायजे.”

चारही यंत्रे पुरेशी ताकदवान होती; निवड उरली ती स्क्रीनची. विक्रेत्याने दुसऱ्या यंत्राकडे बोट दाखवले आणि डिझाइनवाले हाच नेतात, असे सांगितले. मी वाचलेल्याशी ते जुळत होते. भावाने मात्र चारही स्क्रीनवर झाडांचे एकच छायाचित्र लावायला सांगितले, चारही लॅपटॉप दुकानाच्या दारात एका ओळीत मांडायला लावले आणि उजेड पूर्ण वाढवायला लावला. मग पाय घाशीत तो रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्याजवळ जाऊन उभा राहिला. ऑटोवाले हॉर्न वाजवीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“काका, लॅपटॉप जवळून पाहतात!” विक्रेता ओरडला.

“तुमी पाहत असान!” भावाने पलीकडून उत्तर दिले. “माहा पडदा मागच्या माणसाले दिसाले पायजे! दोन नंबर मेलेला हाय. चार नंबर बोलून राह्यला!”

पानठेलेवाला म्हणाला, “काका, मले बी एक इथूनच पसंत करून द्या.” आजूबाजूचे हसले. भाऊही हसला. आजारापूर्वीच्या माणसासारखा तो तिथे उभा होता.

तो परत आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सांगितले की चौथ्याचे रंग भडक आहेत, छापताना तसे येणार नाहीत. दुसऱ्याचे खरे आहेत.

“बाई, खरं असून का करते?” तो म्हणाला. “नाटकात खरं चालते का?”

विक्रेत्यानेही एकदा सांगून पाहिले. आम्ही चौथा घेतला.

पुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात जे चालले होते, त्याला मी सुख म्हणेन. लॅपटॉपसोबत चित्र काढण्याची एक काळी पाटी घेतली होती. तिच्यावर पेन फिरवायचे आणि उमटलेले समोर स्क्रीनवर पाहायचे. हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे, हे त्याला जमेना. शिकवणारे व्हिडिओ इंग्रजीत होते. मी ऐकून मराठीत सांगत असे. “इकडे दाब.” “कुठी?” “तो बाण आहे तिथे.” “इथी तर धा बाण हायेत, का राजा!” आठवडाभर त्याच्या फांद्या पहिलीतल्या मुलाच्या रेघांसारख्या येत होत्या. मग डाव्या हाताला वळण लागले. एका सकाळी मोहाचे एक झाड उभे राहिले आणि ते त्याचेच होते. यंत्राला एवढ्या मोठ्या चित्राचा काहीच त्रास झाला नाही. उजेड त्याने कधी कमी केला नाही. फार लखलखीत दिसते म्हणून तो प्रत्येक रंग थोडा दाबून, गडद करून लावीत राहिला.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. चित्राच्या उजव्या टोकाची झाडे हिरवी नव्हती. निळसर, राखाडी होती. मी विचारले नाही. मला वाटले, त्या बाजूने चांदणे पडले असेल.

छपाईच्या दिवशी मी सुचवले की आधी हातभर तुकडा छापून बघू. भाऊ चिडला. “पूजेच्या अगोदर पडदा पाह्यचा नाई, तुले मालूम नाई का?” छपाईवाल्याकडून फ्लेक्स गुंडाळूनच घेतला आणि गुंडाळलेलाच कंपनीच्या गाडीत चढवला.

पहिला प्रयोग कुरखेड्याजवळच्या एका गावी होता. दिवेलागणीला लोक बोचकी, चटया घेऊन खड्ड्यात जागा धरून बसले. भावाला पुढची खुर्ची दिली होती. ती सोडून तो सर्वांत मागे गेला, मीही गेले. पूजा झाली. नारळ फुटला. दिवे लागले आणि दोऱ्या सुटून पडदा खाली आला.

काळा. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. खोडे, पाने, वाट, सगळे एकमेकांत विरघळून चिखल झाले होते. उजव्या टोकाला तेवढा राखेसारखा पट्टा दिसत होता. आमच्या पुढचा एक जण म्हणाला, “लाईट लावा ना, बे!” दुसऱ्याने उत्तर दिले, “लाईट लागलेच हायेत. जंगलाले वणवा लागून गेला.” हशा पिकला. त्यांचे चुकले नव्हते. ते खरोखरच काही पाहायला आले होते. मालकांनी पहिला अंक तसाच रेटला. दुसऱ्या अंकाला त्यांनी जुना रस्त्याचा पडदा सोडला आणि जंगलात हरवलेली नायिका डांबरी रस्त्यावर रडत राहिली.

भाऊ शेवटपर्यंत बसून होता. घरी परतताना गाडीत त्याने एवढेच विचारले, “बाई, मले घरी हिरवं दिसत होतं. तुलेबी दिसत होतं का?”

“दिसत होते,” मी म्हणाले. “स्क्रीनचा दोष आहे. मी वाचले होते.”

मी समजूत काढते आहे, असे त्याला वाटले असणार.

तेव्हापासून त्याने लॅपटॉप उघडलेला नाही. मात्र तो मला रंग विचारतो. भाजी निवडताना विचारतो, “हे वांगं हिरवं हाय का जांभळं?” आणि मी सांगितले की म्हणतो, “मालूम हाय मले. तुही परीक्षा घेतली.” त्याच्या नजरेविषयी डॉक्टरांना मी एकटीने जाऊन विचारले. झटक्यानंतर कधी कधी एका बाजूचे दिसणे कमी होते, क्वचित त्या बाजूचे रंगही जातात, ते म्हणाले. होतेच असे नाही, तपासावे लागेल. भावाला तपासणीला चल म्हटले, तर त्याने भिंतीकडे तोंड केले. “हात गेला ते सांगाले डाक्टर लागला नोयता,” तो म्हणाला.

छपाईवाल्याकडेही मी गेले. त्याने ती फाइल त्याच्या स्क्रीनवर उघडली. जंगल तिथेही काळोखे होते. “मॅडम, तुमचा लॅपटॉप जास्तच चमकते, म्हणून पेंटरनं सगळं गडद करून टाकलं,” तो म्हणाला. “मशीन मस्त हाय. याले बाहेरून खऱ्या रंगाची दुसरी स्क्रीन जोडा, काम होऊन जाते.” मी त्याला उजव्या टोकाच्या झाडांविषयी विचारले. ती त्याच्या स्क्रीनवरही निळसर राखाडीच होती, आणि आमच्या स्क्रीनवरही ती तशीच होती, हे मला आठवत होते. “हे त्यायनं मुद्दाम केलं असंन,” तो म्हणाला. “चांदणं असंन.”

मालकांचा निरोप आला आहे. पुढच्या हंगामासाठी नदीचा पडदा हवा आहे. पेंटर तयार असेल तर ते थांबतील, नसेल तर नागपूरला सांगतील. निरोप ऐकून भावाने होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. संध्याकाळी वैनगंगेकडे जाऊन येतो म्हणाला. परतल्यावर बराच वेळ ओसरीवर बसून होता आणि डावा हात हवेत थोडा थोडा हलत होता, पाण्याची रेघ ओढावी तसा.

खरी स्क्रीन आणणे अवघड नाही. ती जोडली आणि पडद्यावर नदी पूर्ण रंगांत आली, तर दोष यंत्राचाच होता हे त्याला पटेल आणि मला माझा भाऊ परत मिळेल. पण नदीचा उजवा काठ पुन्हा राखाडी आला, तर दोष द्यायला यंत्र उरणार नाही, आणि डोळाही गेला हे त्याला माझ्या हातून कळलेले असेल. आज तो संशय घेऊन जगतो आहे. संशयात माणूस वांग्याचा रंग विचारतो, थोडे हसतो, हवेत हात हलवतो. तो संशय गेल्यावर काय उरते, हे मला माहीत नाही.

मालकांना या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर ती स्क्रीन आणली असती का?