चिंच आणि राखेनं घासलेलं नाणं

चिंचेच्या कोळाचा वास आला, की मला सौंसरला माझ्या शेजारी राहणाऱ्या काकू आठवतात. मी तेव्हा तिथल्या शाळेत इतिहास शिकवत होते. काकूंच्या यजमानांना संत्र्याच्या कलमासाठी खड्डा खणताना एक चांदीचं नाणं सापडलं होतं, आणि त्यावरचा माणूस कोण, हे जाणून घ्यायची त्यांची फार इच्छा होती. ते वारल्यानंतर एका दुपारी काकू ते नाणं घेऊन माझ्याकडे आल्या. नाण्यावरची चेहऱ्याची बाजू जवळजवळ सपाट झाली होती. "दर दिवाळीले मी चिंच अन् राख लावून घासो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या बाजूला त्या लक्ष्मी समजून हळदकुंकू वाहत, म्हणून ती कधी घासली नव्हती. मी तिथला थर पाण्यानं सोडवला, तर हातात फांदी धरून खुर्चीत बसलेली बाई आणि कडेची रोमन अक्षरं स्पष्ट दिसली. पुस्तकातल्या चित्राशी ताडून मी म्हटलं, "काकू, हे रोमचं नाणं आहे. तो माणूस तिथला सम्राट तिबेरियस. तुम्ही ही बाजू जपली, म्हणूनच ओळखता आलं." त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या मात्र सपाट बाजूवर अंगठा फिरवत राहिल्या. आज नागपुरात राहतानाही यजमानांबद्दलचं त्यांचं पुढचं बोलणं मला जसंच्या तसं ऐकू येतं. "ते भिंग धरून पाहे अन् म्हणे, माहे डोळे गेले वाटते, याचं तोंड आता दिसून नाही राहिलं. अन् मी म्हणो, चष्मा बदलून घ्या."